दुसऱ्या दरवाजाची तारीख
(परभणी येथे दहावी, बारावी आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मला सांगितलं होतं की, मुलांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी बोला. प्रेरणेबद्दल बोलायला आज वेळ कमी आहे. मी तुम्हाला एक रस्ता दाखवणार आहे. त्या रस्त्यावर मी केलेली एक चूकही सांगणार आहे.

मी इथलीच, परभणीची. अब्बांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. उन्हाळ्यात आसपासच्या गावांतून जळालेल्या पाणबुडी मोटारी यायच्या. जळालेली तार काढायची, तांब्याचं वजन करायचं, नवी कॉइल भरायची, वार्निश लावून वाळवायची. शाळेतून आल्यावर मी तिथेच बसायचे. दहावीला बरे गुण पडले. अकरावी-बारावी सायन्स करायचं तर क्लासची फी परवडणार नव्हती. म्हणून जिल्ह्यातल्याच एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल डिप्लोमाला प्रवेश घेतला. घरच्यांचा हिशोब सरळ होता. तीन वर्षं, मग छोटी नोकरी, मग लग्न. डिप्लोमा म्हणजे शिक्षणाचा शेवट, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तो शेवट नसतो. महाराष्ट्रात डिप्लोमा झालेल्या विद्यार्थ्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यासाठी वेगळी सीईटी द्यावी लागत नाही. डिप्लोमाच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळते. पुण्याचं १८५४ पासूनचं सीओईपी असो की मुंबईचं १८८७ पासूनचं व्हीजेटीआय, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात डिप्लोमावाली मुलं बसलेली असतात. बारावीला अपयश आलं किंवा बारावी केलीच नाही, तरी हा दरवाजा उघडा आहे. आयटीआय केलेल्यांसाठी त्याच्याही खाली एक पायरी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. २०२२ पासून अनेक केंद्रीय विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या एका परीक्षेतून होतात. गंगाखेडच्या किंवा जिंतूरच्या कॉलेजात पदवी घेतलेला मुलगा त्या परीक्षेला दिल्लीच्या मुलाइतक्याच हक्काने बसतो.

आपल्या जिल्ह्याला शिक्षणासाठी बाहेर पडणं नवीन नाही. निजामाच्या काळात मराठवाड्यात विद्यापीठ नव्हतं. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया सुरू झालं, तेव्हा इथल्या मुलांना पदवीसाठी हैदराबादचीच गाडी धरावी लागे. औरंगाबादला विद्यापीठ झालं १९५८ मध्ये, नांदेडला १९९४ मध्ये. आता कॉलेजं घराजवळ आली, हे चांगलंच झालं. पण घराजवळचं कॉलेज ही पहिली पायरी आहे, हे कोणी सांगितलं नाही तर मुलं तिथेच थांबतात. सच्चर समितीने २००६ मध्ये लिहिलं होतं की देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम असतो आणि पदव्युत्तर पातळीवर पन्नासामागे एक. या आकड्यामागे गरिबी आहे, भेदभाव आहे. वेळेवर न कळलेल्या तारखाही आहेत. पहिल्या दोन गोष्टींशी लढायला वेळ लागेल. तिसरी आजपासून आपल्या हातात आहे.

आता माझी चूक सांगते.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो, एकाच ऑटोने घरी यायचो. तिचे गुण माझ्यापेक्षा नेहमी जास्त असायचे. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि आमच्या एका सरांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "थेट दुसऱ्या वर्षाचे फॉर्म सुटलेत, चार दिवस राहिलेत, भरून टाक." मी नेट कॅफेत जाऊन फॉर्म भरला. सुविधा केंद्रावर कागद तपासून घेतले. त्या चार दिवसांत ती मला दोनदा भेटली. मी तिला काही सांगितलं नाही. मनात एवढंच होतं की तिचे गुण जास्त आहेत, तिने फॉर्म भरला तर ती यादीत माझ्या वर येईल.

मला पुण्यातल्या एका चांगल्या कॉलेजात जागा मिळाली. तिला महिनाभराने कळलं. तिने एकच प्रश्न विचारला, "तुला माहीत होतं?" मी "हो" म्हणाले. पुढे काही बोलता आलं नाही.

ती आज काम करते, कमावते, घर सांभाळते. तिचं आयुष्य वाया गेलं असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण निवड तिची असायला हवी होती आणि ती मी तिच्यापर्यंत पोहोचू दिली नाही. मी आज इथे हे बोलणार आहे, हे तिला विचारून आले आहे. ती म्हणाली, "बोल. नुसतं रडू नको, तारखा पण सांग." म्हणून आता कामाचं बोलते.

पहिली गोष्ट कागदांची. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. बागवान, तांबोळी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात, पण कागद नाही म्हणून मुलं खुल्या गटात लढतात. महाराष्ट्रात ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आम्ही बागवान. माझ्या दादांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये उर्दूत 'बागवान' लिहिलेलं सापडलं. तो उतारा काढायला, त्याचं भाषांतर करून घ्यायला आणि तहसीलला फेऱ्या मारायला आठ महिने लागले. माझ्या प्रवेशाच्या वेळी तो हाती नव्हता, धाकट्या भावाच्या वेळी कामी आला. तेव्हा आज घरी जाऊन एवढंच विचारा की दादा, नाना कोणत्या शाळेत शिकले. जात प्रमाणपत्र, वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न आणि अधिवास हे कागद निकालानंतर गोळा करायचे नसतात. पहिल्या वर्षापासून फाइल करा. ज्यांची बिरादरी कोणत्याच मागास यादीत नाही, त्यांना २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला घेता येतो. तो धर्म पाहून दिला जात नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. मुंबईच्या साबू सिद्दीकसारख्या अल्पसंख्याक संस्थांत आपल्यासाठी राखीव जागा असतात, तोही पर्याय फॉर्ममध्ये टाका. नियम दरवर्षी थोडे बदलतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका, सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

तिसरी गोष्ट तिथे गेल्यावरची. प्रवेश मिळाला म्हणजे सुटलो असं मला वाटलं होतं. आमचे प्रवेश उशिरा होतात. मी वर्गात गेले तेव्हा शिकवणं कधीच सुरू झालं होतं. बाकीच्या मुलांनी बारावीचं आणि पहिल्या वर्षाचं गणित पक्कं केलेलं. सरांनी फळ्यावर लाप्लास लिहिलं आणि मला समाकलनच धड येत नव्हतं. पहिल्या सत्रात मी गणितात नापास झाले, एटीकेटी लागली. मागच्या बाकावरून कोणीतरी 'डिप्लोमावाली' म्हणालं ते ऐकलं. त्या रात्री घरी फोन केला, परत येते म्हणाले. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जळालेली मोटर दुकानात आली की आपण फेकून देतो का?"

दुसऱ्या आठवड्यात मशीन लॅब होती. एक मोटर चालू होईना. सगळे वहीतला सर्किट डायग्राम बघत होते. मी कव्हर उघडून वाइंडिंगला हात लावला आणि कुठे तुटलंय ते सांगितलं. त्या दिवसापासून वर्गातली दोन मुलं मला गणित शिकवू लागली आणि मी त्यांना मोटर. वर्षभरात गणित सुटलं. म्हणून सांगते, डिप्लोमाची शेवटची परीक्षा आणि प्रवेश यांच्यामध्ये जे दोन-तीन महिने मिळतात, त्यात अकरावी-बारावीचं गणित करा. मॅट्रिक्स, विकलन, समाकलन. स्वयम आणि एनपीटीईएलवर व्याख्यानं फुकट आहेत.

मुलींच्या पालकांना दोन शब्द. माझे मामू म्हणाले होते, मुलीला पुण्याला कशाला? अम्मीने त्यांच्याशी वाद घातला नाही. ती अब्बांना घेऊन नांदेड–पनवेल गाडीने रात्रभर प्रवास करून आली. वसतिगृह पाहिलं, रेक्टरबाईंशी बोलली, मेसमध्ये जेवली आणि परत जाऊन मामूंना सांगितलं, "मी बघून आले." भीती वाटते, हे मान्य आहे. पण आधी जाऊन बघा आणि मग ठरवा.

डॉ. कलाम यांचं नाव प्रत्येक सभेत निघतं. त्यांनी तिरुचिरापल्लीला बी.एस्सी. केली आणि मग इंजिनिअरिंगसाठी मद्रासला गेले. म्हणजे रस्ता त्यांनीही मध्येच बदलला होता. त्या प्रवेशाच्या फीसाठी त्यांच्या बहिणीने, जोहरा यांनी, आपल्या सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवल्या. आपण त्यांच्या क्षेपणास्त्रांबद्दल बोलतो, तसं या बांगड्यांबद्दलही बोलावं. कोणीतरी दिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

माझ्याकडे गहाण ठेवायला बांगड्या नव्हत्या. द्यायला फक्त एक तारीख होती आणि ती मी दिली नाही. तुमच्याकडे येत्या वर्षात अशा बऱ्याच तारखा येतील. कळली की तुमच्यापेक्षा जास्त गुण असलेल्याला आधी सांगा.

खाली टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात नाव, वर्ग आणि दादांची शाळा लिहा. फॉर्म सुटले की मी स्वतः फोन करीन. पहिल्या पानावर माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं नाव आहे. ती यंदा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे.