संगणकावरील पॅकेजे : बसविणे आणि काढणे
(भाषणाचा मजकूर)



बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी शाळेच्या संगणकाला दोन लिप्या आल्याच पाहिजेत. अध्यापन मराठीतून होते, कन्नड विषयही तेथेच शिकविला जातो आणि शासकीय पत्रे कन्नडमध्ये येतात. संगणकात त्या लिपीचा अक्षरसंच नसेल तर मजकुराच्या जागी नुसत्या पोकळ चौकटी दिसतात.

इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिलेली 'डेबियन' ही लिनक्स प्रणाली विनामूल्य आहे. सी-डॅकची २००७ सालची 'बॉस' प्रणाली तिच्यावरच उभारलेली असून उबुंटूचा पायाही तोच. या प्रणालींत प्रत्येक आज्ञावली 'पॅकेज'च्या रूपाने मिळते. टर्मिनल उघडून रोमन लिपीतील लहान अक्षरांत प्रथम 'सुडो ॲप्ट अपडेट' ही आज्ञा द्यावी. तिने केवळ उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी होते. नंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' लिहून पुढे पॅकेजाचे नाव द्यावे. देवनागरीसाठी ते 'फॉन्ट्स-देवा' आणि कन्नडसाठी 'फॉन्ट्स-केएनडीए' असे आहे.

बसविण्यात फारसे अवघड काही नाही. खरी काळजी काढताना घ्यावी लागते. 'फॉन्ट्स-देवा' हे स्वतः अक्षरसंच नव्हे. लोहित, गार्गी, नकुल, सहदेव आदी संचांना एकत्र आणणारे ते नाममात्र पॅकेज आहे. (पांडवांपैकी धाकटे दोघेच येथे का आले, हे नाव ठेवणाऱ्यांनाच ठाऊक!) जागा वाचविण्यासाठी कोणी 'सुडो ॲप्ट रिमूव्ह' ही आज्ञा देऊन एकट्या गार्गीला काढू लागल्यास, तिच्यावर अवलंबून असलेले 'फॉन्ट्स-देवा'ही काढले जाते. मग उरलेले संच कोणी मागितलेलेच नाहीत असे समजून संगणक काही वेळा त्यांनाही निरुपयोगी ठरवितो, आणि पुढे 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा दिली की तेही जातात. पुन्हा चौकटी!

यासाठी काढण्यापूर्वी संगणक जी यादी दाखवितो ती शेवटपर्यंत वाचावी. यादीखालच्या प्रश्नाला नुसती एन्टरची कळ दाबली तरी होकार धरला जातो. शंका असल्यास 'एन्' लिहावे. आज्ञेत वजाचिन्ह व 'एस्' जोडल्यास काहीही न काढता केवळ परिणाम दिसतो. जे संच ठेवायचेच आहेत त्यांची नावे 'सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल' या आज्ञेपुढे लिहावीत. मग 'ऑटोरिमूव्ह' त्यांना हात लावीत नाही.

'रिमूव्ह'ने पॅकेज जाते, पण प्रणालीत ठेवलेली त्याची मांडणी राहते. 'पर्ज'ने तीही जाते. शिक्षकांनी स्वतःच्या कप्प्यात ठेवलेल्या निकालपत्रकांना मात्र या दोहोंपासून धोका नाही.

चूक झालीच, तर शाळेच्या जडवस्तू नोंदवहीसारखी संगणकाचीही वही असते. 'व्हार' या कप्प्यातील 'लॉग', त्यातील 'ॲप्ट', आणि त्यातील 'हिस्टरी' या नोंदपत्रात कोणत्या दिवशी कोणत्या आज्ञेने काय आले नि काय गेले हे तारीखवार लिहिलेले असते. तेथून नाव उतरवून घेऊन गेलेले पॅकेज 'इन्स्टॉल'ने परत बसविता येते.