डाव्या पायाचे काम



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस नाहीतर महागाईभत्ता काढणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही मोटारीच्या गिअरवर बोलणार आहोत. बोनसचा मुद्दा त्यातून निघालाच, तर तो आमचा दोष नव्हे.

विषय असा आहे. आपली आपण गिअर बदलणारी, क्लचचे पेडल नसलेली वेगवान मोटार एखादा हौशी गृहस्थ विकत घेतो आणि मग पदरचे पैसे घालून तीत हाताने बदलावयाचा गिअर बसवून घेतो. परदेशात हा उद्योग चांगला चालतो. फेरारी कंपनीने १९९७ साली एफ-३५५ या मोटारीत क्लचचे पेडल काढून स्टीअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलण्याची सोय दिली. पुढे हातगिअर मिळेनासाच झाला. आणि आज तसल्या फेरारी उघडून त्यांत दांडा व तिसरे पेडल बसवून देणारी गॅरेजे आहेत. पोर्श कंपनीने २०१३ साली आपली ९११ जीटी-३ ही मोटार केवळ स्वयंचलित काढली; २०१७ साली तिला हातगिअर पुन्हा द्यावा लागला. यंत्राने वाचविलेले श्रम माणूस पैसे मोजून परत का मागतो, हा आमचा आजचा प्रश्न.

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिन ठराविक फेऱ्यांतच नीट जोर देते. सपाटीला वेग हवा, सौताड्याचा घाट चढताना जोर हवा. ही अदलाबदल लहानमोठ्या दातेरी चाकांनी करते ती गिअरची पेटी. चाके बदलताना इंजिनाचा दुवा क्षणभर तोडावा लागतो, तो तोडतो क्लच. हे डाव्या पायाचे काम. जनरल मोटर्सने १९३९ साली हायड्रामॅटिक नावाची पेटी आणली, तीत हा दुवा तेलाच्या प्रवाहातून जोडला आणि डावा पाय मोकळा झाला. फोक्सवॅगनने २००३ साली दुसरी युक्ती बाजारात आणली: एकाच पेटीत दोन क्लच. विषम गिअर एकाकडे, सम गिअर दुसऱ्याकडे. एक सुटतो तोच दुसरा पकडतो, आणि हे सारे यंत्रच ठरविते.

आता आपल्या मराठवाड्यात या. औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला. त्या कंपनीची ऑक्टाव्हिया आरएस २००४ साली आपल्याकडे आली ती हातगिअरची होती. २०१७ साली नवी आरएस आली ती मात्र दोन क्लचांची, स्वयंचलितच. युरोपात तीच मोटार हातगिअरचीही मिळत होती. म्हणजे सुटे भाग जगात आहेत. ते आणून बसवावयाचे, एवढेच!

या ‘एवढेच’ शब्दावर मेकॅनिक हसेल. पेटी उतरवून दुसरी चढविली की काम झाले, असे नाही. फ्लायव्हील निराळे लागते. क्लचची प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हवे. पेडलांचा संच बदलावा लागतो. क्लचला तेलाचा दाब देणारे दोन सिलिंडर आणि त्यांची नळी हवी. दांड्यापासून पेटीपर्यंत केबली ओढाव्या लागतात. हे सारे जमले तरी इंजिनाचा संगणक जुन्या पेटीचा निरोप शोधत राहतो. तिचा निरोप येत नाही म्हणून तो गाडी सुरूच होऊ देत नाही, नाहीतर दिवे लावून तक्रार करतो. त्याला नवी परिस्थिती शिकवावी लागते. मागे घेतानाचा दिवासुद्धा नव्याने जोडावा लागतो.

शिवाय कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा ठासून सांगितला. तेव्हा पान्याला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला विचारावे, हे बरे.

इतका खटाटोप कशासाठी? आमच्या मते, कानाने इंजिन ऐकून नेमक्या क्षणी गिअर टाकणे ही कला आहे, आणि आपल्या हाताने काम साधल्याचा आनंद माणसाला हवा असतो. त्याला आम्ही श्रीमंताचे चोचले म्हणून हसणार नाही.

पण तेच पेडल एसटीच्या चालकाच्या पायाखाली ठेवून पाहा. दिवसात शंभर वेळा गाडी थांबली आणि दर खेपेस चार वेळा क्लच दाबला, तर चारशे वेळा तोच डावा गुडघा. हौशी माणूस रविवारी फिरून येतो आणि कंटाळला तर गाडी झाकून ठेवतो. चालकाला उद्या पुन्हा ड्यूटी आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली, आणि १ जून २०२२ रोजी त्याच रस्त्यावर ‘शिवाई’ ही विजेची गाडी निघाली. तिला क्लच नाही. तिचे आम्ही मनापासून स्वागत करितो.

मग यंत्र आले की कामगाराचे भले झाले, असे म्हणावे काय? आपल्या पाटोदा तालुक्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला जातात. आता फडात तोडणीयंत्रे उतरली आहेत. कोयत्याने मोडलेल्या कमरेवर ते यंत्र उपकारच करील. पण ते उचल आणि मजुरीही घेऊन जाईल. फेरारीवाला गेलेले काम विकत परत आणू शकतो. कोयतेवाल्याला ते परत नकोच आहे. त्याला त्याच्या जागी दुसरी भाकरी हवी आहे. यंत्र कधी आणावयाचे आणि सुटलेल्या हातांना काय द्यावयाचे, हे ठरविताना त्याला कोणी विचारीत नाही.

मंडळी, पाय तोच, पेडल तेच. एकाला तो छंद वाटतो, दुसऱ्याला जाच. कारण एकाला निवड आहे, दुसऱ्याला नाही. ही निवड कष्टकऱ्याच्या हाती यावी, यासाठीच आम्ही संघटना बांधितो. आणि बोनसचा प्रश्न शेवटी याच प्रश्नाचा धाकटा भाऊ आहे.