रिकाम्या काठावरचा वसंत



व्याख्यान बसून ऐकायचे असते, हा आपला शिरस्ता. आज आम्ही ज्या व्याख्यानाविषयी बोलणार आहोत, ते मात्र चालत ऐकावे लागते. आणि बोलणारा जितका कमी बोलेल तितके ते अधिक वठते. नाशिकपासून चाळीसएक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्या जलाशयाच्या काठाने सकाळी दहाबारा माणसांना हिंडवावे, दिसेल ते दाखवावे, आणि ऊन चढले म्हणजे बाभळीच्या सावलीत बसून पाहिलेल्या गोष्टींवर बोलावे, असा हा साधा उद्योग आहे.

थंडीत या उद्योगाला माणसे बोलवावी लागत नाहीत. चैत्र-वैशाखात मात्र आम्ही निमंत्रण दिले की एकच प्रश्न येतो : "आता तिथे पाहायचे काय? पक्षी तर गेले!" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

प्रथम ही जागा कशी झाली ते सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा बंधारा घातला तो पक्ष्यांसाठी नव्हे, शेतीसाठी. गोदावरीचे डावे-उजवे कालवे येथून निघाले आणि खालच्या दुष्काळी मुलुखाला पाणी मिळाले. पुढे नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, काठाला पाणगवत आणि लव्हाळे माजले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ हा तोटा. पण चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या जिवांना त्याच गाळाने घर दिले. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणमधील रामसर गावी १९७१ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातील पहिली जागा म्हणून २०२० साली नांदूर मध्यमेश्वरचे नाव जाहीर झाले. माणसाने एका हेतूने बांधावे आणि निसर्गाने त्यातून दुसरेच काही घडवावे, याचा असा ठसठशीत नमुना आपल्या इतक्या जवळ आहे.

थंडीतले पाहुणे जातात, हे खरे. तलवार बदक सैबेरियाकडे वळते. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब पुन्हा तो ओलांडून तिबेट-मंगोलियाच्या सरोवरांकडे जातो. पण पाहुणे गेले म्हणजे घर ओस पडले असे आपण म्हणत नाही. उलट घरच्या माणसांना तेव्हाच सवड होते. हळदीकुंकू बदक येथेच राहते. चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके पाहून ज्या कोणी त्याला हे नाव दिले, त्याच्या नजरेचे कौतुक करावे तितके थोडे. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात चालते, खंड्या फांदीवर बसतो, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात काठीवर चालल्यासारखा फिरतो. आणि काठावरच्या उघड्या, भेगाळल्या जमिनीवर टिटवी असते.

टिटवीपाशी आम्ही थोडे अधिक थांबतो. हिच्याविषयी आपल्या समाजात गैरसमजच फार. रात्री ती ओरडली की म्हातारी माणसे अपशकुन मानतात. आभाळ पडेल म्हणून ती पाय वर करून निजते, असे सांगून आपण तिला हसतोही. आता ती प्रत्यक्षात काय करते ते पाहा. चैत्राच्या सुमारास ती उघड्या जमिनीवर चिमूटभर खोलगट जागा करते, भोवती खडे मांडते आणि बहुधा चार अंडी घालते. त्यांची निमुळती टोके आत वळलेली असतात. रंग मातीचा, वर काळपट डाग. पाच पावलांवरून पाहणाऱ्यालाही तेथे ढेकळांखेरीज काही दिसत नाही. घरट्याला छप्पर नाही, आडोसा नाही. भर दुपारी ती अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी. मधून ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने परत येऊन अंडी गार करते. अशी सुमारे चार आठवडे ही उन्हातली नोकरी चालते.

अशा वेळी शहरातून आलेली मंडळी त्या "रिकाम्या" जागेवर सतरंजी पसरतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आकांत करते. मंडळी म्हणतात, काय हा कलकलाट! वस्तुतः ती आपल्यालाच सांगत असते की तुमच्या पायाशी माझी अंडी आहेत. पाय पडला तर अंडी फुटतात हे कोणालाही कळते. पण पाय न पडताही नाश होतो, हे कळत नाही. आपण तेथे घटकाभर बसलो, तर तितका वेळ ती दूर राहते आणि वैशाखाच्या उन्हात उघड्या पडलेल्या अंड्यातला जीव करपून जातो. कोणीही दुष्टपणा केलेला नसतो. फक्त जागा रिकामी आहे, असे वाटलेले असते.

शेकाट्याची गोष्ट अशीच. तो पाण्याच्या अगदी कडेला घरटे करतो. नद्यांतील वाळूच्या बेटांवर याच महिन्यांत नदी सुरय उघड्यावर अंडी घालतो. त्याची तर जगभर संख्या घटते आहे. अशा घरट्यांना भीती पाण्याचीही असते. वरच्या धरणातून आवर्तन सुटले की पातळी चढते आणि कडेचे घरटे बुडते. पंचतंत्रातल्या टिट्टिभाची अंडी समुद्राने नेली, ती कथा आपण लहानपणी ऐकली आहे. ती रचणाऱ्याने पाण्याचा काठ नीट पाहिलेला असला पाहिजे. शेतकऱ्याचे पाणी अडवा असे आम्ही म्हणणार नाही. द्राक्षाला आणि उसाला ते हवेच आहे. पण पाण्यावर आपला इलाज चालत नाही म्हणून जेथे चालतो तेथे, म्हणजे आपल्या पायांवर, तरी आपण तो चालवावा.

फेरीचा खरा हेतू हाच. आमचे नियम थोडे आहेत. सूर्योदयाबरोबर निघावे. कपडे मळकट रंगाचे असावेत. मळलेली वाट सोडू नये. टिटवी ओरडू लागली की थांबावे आणि आल्या पावली मागे फिरावे. घरट्याचे छायाचित्र जवळ जाऊन घेऊ नये. पिल्लू एकटे दिसले तर उचलू नये. टिटवीचे पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागते आणि आईच्या इशाऱ्यासरशी जमिनीला चिकटून निश्चल होते. ते अनाथ नसते, आज्ञाधारक असते.

आणि सोबत त्या काठच्या गावातला माणूस घ्यावा. चापडगाव, खाणगाव थडी या गावांतली तरुण मंडळी पक्षी दाखविण्याचे काम करतात. कोणत्या आठवड्यात कोणती कड कोरडी पडते, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक असते. पुस्तकेही हवीतच. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली निघाले आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखता येऊ लागले. मारुती चितमपल्ली यांनी रानात राहणाऱ्यांच्या तोंडचे शब्द वेचून मराठीला दिले. पण पुस्तक पक्ष्याचे नाव सांगते. पाय कोठे ठेवू नये हे सांगायला जाणता माणूसच लागतो.

श्रोतेहो, "आता तिथे पाहायचे काय?" या प्रश्नाचे आमचे उत्तर इतकेच. थंडीत हजारो पक्षी दिसतात, त्यासाठी डोळे पुरतात. वसंतात चार अंडी दिसत नाहीत. ती आहेत हे जाणून चालायला शिकावे लागते. जो एकदा तसे चालला, तो पुढे कोणत्याही तळ्याच्या, नदीच्या वा माळाच्या उघड्या जागेला सहसा रिकामी म्हणत नाही. हे शिक्षण देणारी सकाळ आपल्या दाराशी आहे आणि तिला तिकीटही फारसे नाही. वैशाख सरण्यापूर्वी एकदा तरी यावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.