जुनापाणीची वर्तुळं आणि आपल्या हॉलमधला खेळ

(रौप्य महोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



'रविवारी दुपारी हॉलमध्ये चालतं तरी काय?' यावर मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. टेबल टेनिसच्या टेबलावर रान मांडलेलं, भोवती आठ-दहा मुलं, आणि मध्ये मी म्हातारा फासे टाकतोय. हे पाहून काहींना जुगार वाटला, कमिटीकडे तक्रारही गेली. म्हणून आधी खुलासा करतो.

हा युद्धखेळ आहे. बुद्धिबळाला चौकटींचा पट असतो, इथे पट म्हणजे छोटासा प्रदेशच. प्यादी म्हणजे इंचभर उंचीची माणसं. चाल मोजपट्टीनं मोजायची, निकाल फाशावर. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांसाठी असेच नियम लिहिले. आपण दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतो, पण ते जागचे हलत नाहीत. ते नियमानं हलवले की झाला युद्धखेळ.

माझ्या नातवाला परदेशी खेळ हवा होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले साहेब अनोळखी मुलखात मोहीम काढतात आणि जमिनीखाली माणसाच्याही आधीपासून निजलेलं काहीतरी जागं करतात, असा. हे भय लव्हक्राफ्ट नावाच्या अमेरिकन लेखकाचं. आपल्यापैकी ज्यांनी नारायण धारप रात्री दिवा लावून वाचले आहेत, त्यांना ते नवीन नाही. किंमत ऐकून मी म्हटलं, "बाबू, हे सगळं आपल्या काटोल रोडवर आहे. विकत कशाला आणायचं?"

शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी आहे. तिथे काळ्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, लोहयुगात, लोकांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरले आहेत. त्यांचा सूर्याशी, दिशांशी काही संबंध आहे का, याचा अभ्यासक अजून शोध घेतात.

साहेबही खरे होते. रिव्हेट-कारनॅक हे कापसाच्या खात्याचे कमिशनर. त्यांनी ही वर्तुळं खणली आणि १८७९ साली त्यांवर लेख छापला. त्यांच्या आधी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपण सगळे ओळखतो. मिशनरी असून दगड आणि जीवाश्म यांचा त्यांना मोठा नाद. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळं पाहून परत येताना ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्याच वर्षी आपला अजब बंगला सुरू झाला. चार वर्षांनी, १८६७ मध्ये, नागपूरला रेल्वे आली. आमचा खेळ त्याच वर्षी घडतो. त्यातला साहेब मात्र आम्हीच बनवलेला.

सामान सगळं घरचं. जुन्या पॅकिंगच्या थर्माकोलचे डोंगर, वापरून वाळवलेल्या चहापत्तीची माती, भुशाला हिरवा रंग देऊन गवत. माणसं काडेपेटीच्या काड्या आणि शाडूची. वर्तुळांचे खडे मुलांनी सोसायटीच्या बागेतून वेचले. एकूण खर्च फेविकॉल, रंग आणि फाशांचा.

आता खरी गोष्ट. पहिले नियम मी लिहिले होते. वर्तुळ खणलं की दहा गुण, लोखंडी हत्यार निघालं की आणखी पाच. मुलांनी तासाभरात सगळं रान खणून काढलं. तेवढ्यात नातवाला न्यायला आलेल्या बी विंगमधल्या काकूंनी विचारलं, "भाऊ, तिथे कोणाचे तरी मायबाप पुरले आहेत ना? मग खणायचे गुण काहून देता?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रविवारी खेळ तिथेच थांबला.

पुढचे दोन रविवार नुसता वाद. मुलं म्हणाली, अजिबात खणायचंच नाही. मी म्हटलं, न खणता कळणार कसं? १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्यानं जुनापाणीला आणि १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठानं टाकळघाट-खापा इथे रीतसर उत्खनन केलं. अशा उत्खननांतूनच या लोकांची मातीची भांडी, लोखंडी हत्यारं, घोडे आपल्याला माहीत झाले. शेवटी नियम बदलले. आता गुण मोजमापाला आणि नकाशाला. एका डावात एकच वर्तुळ खणायचं, तेही प्रत्येक वस्तूची नोंद करून. नोंद चुकली की भयाचा फासा. आणि साहेबाइतकाच अधिकार असलेला तिसरा खेळाडू आला, गावातला वाटाड्या. तो 'पुढे नाही' म्हणाला की मोहीम थांबते. हा नियम मुलांचा आहे, माझा नाही.

भयासाठी मी शाडूचा काळा, बिनडोळ्यांचा गोळा केला होता. त्याला कोणी घाबरलं नाही. मग डिसेंबरात आम्ही बारा जण जुनापाणीला गेलो. एका वर्तुळात उभी राहून एक छोटी मुलगी म्हणाली, "आजोबा, यांची नावं काय होती?"

नावं कोणालाच माहीत नाहीत. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. मुलं एकदम गप्प झाली. मला वाटतं, त्या गोळ्यानं जे जमलं नाही ते तिथे झालं.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. आपल्यासारख्या सोसायट्या वाढत वाढत शहर त्या माळाकडे सरकतं आहे. तिथला एखादा दगड इकडचा तिकडे झाला, तर ओळखणारं कोणीतरी हवं. आमच्या मुलांच्या वहीत सात वर्तुळांचे नकाशे आहेत, प्रत्येक दगड मोजून काढलेले.

कमिटीकडे एकच मागणी, हॉलमधलं एक कपाट. रान ठेवायला जागा नाही आणि दर वेळी डोंगर मोडतात. बाकी कोणीही या, रविवारी चार वाजता. काकूंना खास आमंत्रण आहे. पुढच्या डावात वाटाड्या त्या आहेत.