डोळ्यात कुसळ गेले तर

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



जिल्हा बैठक म्हटली की भाव, वीज, कर्ज आणि पाणी हे चार विषय ठरलेले. त्यांत डोळ्यांचा विषय कुठून घुसला, असे मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी विचारले. आरोग्य शिबिराचे भाषण इथे कशाला, असाही सूर होता. आम्ही शेतकी शिकलेली माणसे, डॉक्टर नव्हे, हे कबूल. पण हा विषय शेतातलाच आहे. उसाचे पान, भाताचे कुसळ, मळणी यंत्राचा भुसा, फवाऱ्याचा तुषार आणि चुन्याची निवळी यांचा हा विषय आहे. त्याबद्दल शेतकऱ्यांच्या बैठकीत बोलायचे नाही तर कुठे बोलायचे?

बैलाच्या डोळ्याला पाणी सुटले तर आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला निरोप धाडतो. स्वतःच्या डोळ्यात पात बसली तर काय करतो? उपरण्याच्या टोकाला फुंकर मारून डोळा शेकतो आणि पुन्हा कामाला लागतो. "उतरेल दोन दिवसांत," असे म्हणतो. आजचे आमचे सगळे बोलणे या दोन दिवसांबद्दल आहे.

आधी हे नीट समजून घेऊ. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. उजेड आत जातो तो या काचेतून. तिच्यावर ओरखडा उठला, त्यात जंतू शिरले, तर तिथे जखम चिघळते. जखम भरली तरी मागे पांढरा डाग राहतो. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडले म्हणतात. नाव मोठे गोड आहे, पण हे फूल बरोबर मध्ये पडले तर डोळा असून नसल्यासारखा.

मोतीबिंदू म्हातारपणी येतो, शस्त्रक्रिया करून जातो. हे फूल कामाच्या वयात पडते. २०१५ ते २०१९ या काळात देशभर अंधत्वाची पाहणी झाली. पन्नाशीच्या पुढच्या माणसांत मोतीबिंदू हे अंधत्वाचे पहिले कारण निघाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र पहिले कारण होते बुबुळावरचा हा डाग. त्या वयातल्या शंभर आंधळ्यांपैकी सदतीस-अडतीस जणांची नजर त्याने गेलेली होती. पन्नाशीच्या आतला माणूस म्हणजे कोण? नांगर, पंप आणि कोयता ज्याच्या हातात आहे तो. घरातल्या पाच तोंडांना घालणारा तो.

मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालय आहे. १९९४ साली जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत तिथे बुबुळाला जखम चिघळलेले ४३४ रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या २८४ जणांच्या डोळ्याला आधी काहीतरी लागलेले होते. ज्या २९७ जणांच्या जखमेतून जंतू वाढवून ओळखता आले, त्यांत १४० जणांना जिवाणूंचा संसर्ग होता आणि १३९ जणांना बुरशीचा. म्हणजे जवळजवळ निम्मे बुरशीचे. थंडीच्या मुलखात डोळ्याला बुरशी क्वचित लागते. आपल्या उष्ण हवेत, शेतकामात ती नेहमीची.

आता ही बुरशी कोणती, ते ऐका. इथे आमची शेतकी कामाला येते. डोळ्यातल्या जखमेत वारंवार सापडणारी एक बुरशी फ्युजेरियम आणि दुसरी अस्पर्जिलस. हरभऱ्याला आणि तुरीला मर लागते ती फ्युजेरियमच्याच कुळातल्या बुरशीने. भुईमुगाच्या ओल्या शेंगांवर पिवळी-काळी बुरशी चढते ती अस्पर्जिलसच्या कुळातली. ही आपल्या मातीतली, काडीकचऱ्यातली, पाचटातली मंडळी. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते आणि पाचटावरची कूस सुईसारखी. ते पान डोळ्याला नुसते ओरखडत नाही, ओरखड्यात बुरशीचे बी पेरून जाते. भात झोडताना उडणारे कुसळ तसेच, ज्वारीचे पाते तसेच, यंत्राच्या तोंडाशी उडणारा सोयाबीनचा भुसाही तसाच.

ओरखड्यात बी पडल्यावर किती वेळ हाती असतो? नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात याचे उत्तर शोधले गेले. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. डोळ्याला काही लागले की माणसाने त्यांच्याकडे यायचे आणि त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे एक टक्क्याचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस घालायचे. दोन वर्षे हे काम चालले आणि २००१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ओरखडा उठलेल्या ४४२ जणांना मलम मिळाले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत आलेले २८४ जण होते. त्यांतल्या एकाचीही जखम चिघळली नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांची चिघळली. आणि २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ पैकी चौदा जणांची चिघळली.

मंडळी, हे आकडे पुन्हा एकदा मनात घोळवा. मलम तेच, डोळे तसेच, शेतकरीही आपल्यासारखेच डोंगरउतारावरचे. पहिल्या दिवशी आलेल्यांना जवळपास धोका नाही आणि दुसऱ्या दिवशी आलेल्यांत साडेतिनांमागे एकाचा डोळा संकटात. "उतरेल दोन दिवसांत" याची किंमत ही आहे.

या दोन दिवसांत आपल्या गावात होते काय, तेही बोलले पाहिजे. कुणी जिभेने कुसळ काढणाऱ्या बाईकडे जातो. ती बिचारी मनापासून करते, पैसेही घेत नाही, पण तोंडातले जंतू ताज्या जखमेवर जातात. कुणी मध घालतो, कुणी दूध, कुणी गोमूत्र, कुणी एखादा पाला चुरगाळून त्याचा रस. रुईचा चीक तर फारच वाईट. तो डोळ्यात गेला की पुष्कळदा दुखतही नाही, नुसते धुके दिसू लागते, आणि बुबुळाला आतून इजा झालेली असते. रुई तोडून हात न धुता डोळा चोळला तरी पुरते.

पण या सगळ्यांपेक्षा आम्हांला भीती वाटते ती नाक्यावरच्या औषधाच्या दुकानाची. डोळा लाल आहे म्हटले की काउंटरवरून एक बाटली पुढे येते. तिच्यात पुष्कळदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते, म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइडने लाली उतरते, आग थांबते, माणूस खूश होतो. खाली बुरशीला मोकळे रान मिळते, कारण अंगाची लढण्याची ताकदच त्या औषधाने दाबलेली असते. मर लागलेल्या हरभऱ्याला युरिया टाकावा, चार दिवस हिरवळ दिसावी आणि आठव्या दिवशी तास वाळलेला असावा, तसा हा प्रकार. हेच थेंब महिनोन् महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. कायद्याने ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. करप्यावर कीटकनाशक मारणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. मग कोणता जंतू आहे हे न पाहता डोळ्यात थेंब टाकणाऱ्याला काय म्हणावे? बुरशीच्या जखमेला नॅटामायसिनसारखे बुरशीचेच औषध लागते. सुरुवातीला तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे. डोळ्याचा डॉक्टर जखमेवरचे किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि मग ठरवतो. ती तपासणी मागून घ्यावी.

म्हणून कुसळ गेले, पान लागले, तर डोळा चोळायचा नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. हजेरी बुडेल, बुडू द्यावी. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, दुखणे वाढत गेले, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली, तर केंद्रावरही थांबायचे नाही, सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचे. फाळ ठोकताना, छिन्नी मारताना लोखंडाचा कण उडून डोळ्यात घुसला तर तो उपसायचा नाही, डोळा दाबायचा नाही आणि धुवायचाही नाही. वरून कागदी पेला उलटा धरून, चिकटवून, जिल्हा रुग्णालयात न्यायचे.

औषधाचे आणि चुन्याचे मात्र उलट आहे. तिथे आधी दवाखाना नाही, आधी पाणी. द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी हे कान देऊन ऐकावे, कारण बोर्डोसाठी तुम्ही चुना विरवता. चुना उसळून डोळ्यात गेला की तो आत आत जाळत जातो, अॅसिडपेक्षाही खोल. पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटे, चुना असेल तर अर्धा तास, पाण्याची धार सोडायची. पापणीच्या आतले चुन्याचे कण ओल्या स्वच्छ फडक्याने काढायचे. मगच गाडी शोधायची. घरात तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी किंवा ट्यूब लेकरांच्या हाती लागू देऊ नका. ती दाबली की पिचकारी सरळ डोळ्यात जाते.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली, माणसे दगावली, काहींच्या डोळ्यांवरही परिणाम झाला. त्यानंतर चष्मे, मुखवटे, हातमोजे यांबद्दल भरपूर बोलले गेले. डोकीएवढ्या कपाशीत, भर उन्हात, घामाने तो चष्मा धूसर होतो आणि फवारणारा तो काढून खिशात ठेवतो, हे बोलणाऱ्यांना ठाऊक नसते. तरी आमचे म्हणणे असे की बाजूने हवा जाईल असा, कडा झाकणारा चष्मा घ्यावा, सकाळी वारा पडलेला असताना फवारावे, आणि पंपाबरोबर पिण्याच्या पाण्याखेरीज एक पाच लिटरचा स्वच्छ पाण्याचा कॅन बांधावर ठेवावा. ऊस तोडणाऱ्यांना आणि मळणीवर उभे राहणाऱ्यांना तर साधा पारदर्शक चष्माही पुष्कळ वाचवतो. मजुराला चष्मा देणे मालकाचे काम आहे. विळा आपण देतो, मग चष्मा का नाही?

आता सरकारच्या हिशेबाकडे येऊ. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने २०२३ पासून शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातात एक डोळा कायमचा गेला तर एक लाख रुपये, दोन्ही गेले तर दोन लाख. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एकजण यात बसतो. दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारा, कोयता घेऊन फडात उतरणारा भूमिहीन यात बसत नाही. पान कुणाच्या डोळ्याला आधी लागते ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हा मागणीचा मुद्दा आहे आणि तो आजच्या ठरावांत आला पाहिजे. जे बसतात त्यांनी एवढे करावे, की दवाखान्यात पहिल्याच दिवशी केसपेपरवर इजा कशाने, कुठे आणि केव्हा झाली ते लिहून घ्यावे. "डोळा दुखतो" एवढेच लिहिलेला कागद पुढे कुणी मानत नाही.

मायबहिणींसाठी वेगळे एक सांगायचे आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते. हा आजार नाही, वय आहे. पण तांदळातला खडा दिसत नाही, रोपाशेजारचे तण ओळखू येत नाही, आणि सुनेसमोर बोलायची लाज वाटते. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचा साधा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना नंतर. चष्मेवाल्यांच्या पानखुडीत दुसऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांची जादा वाढ झाली. आम्ही आयुष्यभर खताच्या मात्रा सांगत फिरलो, एवढी वाढ देणारे खत आम्हांला अजून भेटायचे आहे.

साखरेचा आजार असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्यावा, दिसायला काही त्रास नसला तरी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दाब मोजावा, कारण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नये, तो आंबा नव्हे.

आता कामाचे. सुगी तोंडावर आहे. प्रत्येक तालुका शाखेने तीन गोष्टी लिहून आणायच्या. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळ्याचे प्रतिजैविक मलम आज शिल्लक आहे की नाही. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणारा नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतो. आणि बुबुळ खरवडून तपासणी होते असे आपल्याला सर्वांत जवळचे ठिकाण कोणते. आशाताईंना बरोबर घ्या, त्यांना गावातले दुखणे आपल्याआधी कळते. जिथे मलम नाही तिथे वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्राचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे, जेवणाआधी प्रत्येक शाखेने आपली प्रत घेऊन जावी.