चुन्याच्या रेषा



ज्या कोलकात्यात २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे नमवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेथे नोकरीनिमित्त येऊन आम्ही फुटबॉलच्या नादी न लागतो तरच नवल! आमचा संघ मात्र गल्लीतला. कोणत्याही लीगच्या यादीत नसलेला.

बारा वर्षे आम्ही उजव्या बगलेवर खेळलो. पुढे गुडघ्याने असहकार पुकारला आणि व्यवस्थापकपद गळ्यात पडले. खेळताना केवळ चेंडू दिसे. आता वर्गणी, फाटकी जाळी आणि वगळलेल्यांचे चेहरे दिसू लागले.

एका पावसाळ्यात, ज्या दादांनी आम्हांस संघात घेतले, बंगाली शिकविली, त्यांनाच वगळण्याची पाळी आली. नावे वाचताना आमची मान वर होईना. सामन्याच्या सकाळी पाहतो तो दादा सर्वांआधी मैदानावर, चुन्याच्या रेषा आखीत!

"यादी वाचताना मान खाली घालू नकोस," ते म्हणाले, "पोरे पाहत असतात."

मंडळाची धुरा आज तरुणांकडे जात आहे. आम्हां ज्येष्ठांकडे चुन्याची बादली तेवढी राहू द्यावी, हीच विनंती.