गांठ दिसते, पण गांठ नव्हे

ऐन तिशींतल्या माणसाचें अर्धें अंग दुबळें होतें, एमआरआयच्या चित्रांत मेंदूमध्यें दोन सेंटिमीटरांहून मोठा, सुजेनें वेढलेला डाग दिसतो आणि घरांत ‘अर्बुद’ हा एकच शब्द घुमूं लागतो. परंतु पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनीं १८६८ सालीं ज्याचें सविस्तर वर्णन केलें, तो ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस’ हा विकारही क्वचित् असेंच सोंग घेतो. त्यांत तंतूंवरील वेष्टण नष्ट होतें. पेशींची बेसुमार वाढ नसते.

मग भेद कसा ओळखावा? शिरेंतून दिलेल्या औषधानें उजळणारें डागाचें कडें या विकारांत पुष्कळदां अपुरें, मेंदूच्या करड्या भागाच्या बाजूस उघडें असतें. पाठीच्या मणक्यांतून काढलेल्या पाण्याची तपासणीही साह्य करते. स्टेरॉइडनें डाग ओसरला एवढ्यावरून मात्र निःशंक होऊं नये. मेंदूंतील लिम्फोमाही तात्पुरता तसाच ओसरूं शकतो. संशय उरल्यास डागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. तेथेंही घाईच्या पाहणींत फसगत होते. वेष्टण गेलें पण तंतू बहुतांशीं शाबूत आहेत, हें विशेष रंग देऊन पाहिल्यावरच नीट कळतें.

ही छाननी म्हणजे शब्दांचा कीस नव्हे. अर्बुदावरील किरणोपचार या विकारांत अपाय करूं शकतो. म्हणून डॉक्टर ‘थोडें थांबा’ म्हणाले, तर तो विलंब उपचाराचाच भाग समजावा.